दोन खाचांचं उसनं

आमच्या गल्लीत उसनं देण्याघेण्याची एक रीत होती. वाटी ज्या मापाची गेली त्याच मापाची परत यायची. जाताना सपाट भरलेली साखर येताना मात्र शिगोशीग यायची. ती वरची शीग म्हणजे व्याज. माय हे हिशेब कुठं लिहून ठेवायची नाही, पण कुणाकडून काय आलं आणि कुणाकडं काय गेलं हे तिला सणासुदीच्या गडबडीतही तोंडपाठ असायचं.

माझ्या नावावरचं एक उसनं वीस वर्षं झाली तरी फिटलेलं नाही. वस्तू तशी वीतभरही लांब नाही. वजन दीडेक तोळा. हिरवी पट्टी, तिच्यावर आठ काळ्या चिपा, खालच्या कडेला सोनेरी दात आणि त्या दातांच्या रांगेत दोन खाचा. एका कोपऱ्यातल्या कागदी चिठ्ठीवर बारीक अक्षरात ‘१२८ एमबी’. ही पट्टी मला ज्यांनी दिली त्या आमच्या टायपिंगच्या बाई.

कंधारच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर बाईंचा क्लास होता. लाकडी जिन्याच्या पहिल्या पायरीवरच वरची टकटक कानावर यायची आणि ऐकणाऱ्याला कळायचं, आत्ता किती मशीन चालू आहेत आणि कोण नवखा बसलाय. गोदरेज आणि रेमिंग्टनची मिळून सहा मशीन. माझी शाळा भाई केशवराव धोंडगे यांनी उभ्या केलेल्या संस्थेत झाली. श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी हे तिचं पूर्ण नाव. नावातच ‘मोफत’ असलेल्या संस्थेत शिकलेली आमची पोरं टायपिंगच्या फीचा आकडा ऐकून जिन्यातच थबकायची. बाई फी हप्त्यानं घ्यायच्या. हप्ता चुकला तर चारचौघांत विचारायच्या नाहीत, जिन्यात गाठून विचारायच्या.

मशीन बिघडलं तर मेकॅनिक नांदेडहून यायचा, तोही महिन्यातून एकदा. कंधार ते नांदेड लोह्यावरून पन्नासेक किलोमीटर. पण एका अडकलेल्या ‘क’साठी महिना काढायचा म्हणजे पोरांची परीक्षा बुडायची. म्हणून बाई स्वतःच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायला शिकल्या. त्यांच्या टेबलाच्या खणात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात शिलाई मशीनचं तेल, दात घासायचा जुना ब्रश, चिमटा आणि खोडरबर. पुढं क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर आले आणि त्यातला एक चालू करताच नुसता पी-पी ओरडायला लागला, तेव्हाही बाईंनी तोच डबा काढला. रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, फुंकर मारली, परत बसवली. ओरडणं बंद. "ह्येचे बी दात घासावे लागतेत," एवढंच त्या म्हणाल्या.

माझ्या घरी कॉम्प्युटर आला २००४ साली. दादा, म्हणजे माझे वडील, कंधार आगारात कंडक्टर. पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी नांदेडच्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतलं जुनं यंत्र घेतलं आणि गोधडीत गुंडाळून आपल्याच गाडीतून आणलं. पेंटियम थ्री, वीस जीबीची हार्ड डिस्क, १२८ एमबी रॅम आणि विंडोज एक्सपी. एक्सपी चालायला कमीत कमी ६४ एमबी लागते, १२८ असली तर बरं, असं खुद्द मायक्रोसॉफ्टचंच म्हणणं होतं. म्हणजे कागदावर आम्ही पास होतो. पण त्या १२८ मधले १६ एमबी पडदा रंगवण्यासाठी वेगळे काढलेले असायचे, कारण ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नव्हती. उरले ११२.

कर्जाचा हप्ता निघावा म्हणून मी लग्नपत्रिकांची कामं घ्यायला लागलो. गावातल्या छपाईवाल्याला डिझाइन करून द्यायचं, पत्रिकेमागं दीडशे रुपये. वर गणपती, खाली मोर, मधे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. पहिली लग्नसराई बरी गेली. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकांना पत्रिकेवर नवरानवरीचे फोटो पाहिजे झाले आणि तिथून यंत्राचा श्वास कोंडायला लागला. एक फोटो उघडला की माउस थांबायचा. खिडकी बदलायला क्लिक करावं, उठून पाणी पिऊन यावं, तोवर ती अर्धी रंगलेली असायची. यंत्राच्या डब्यावरचा लाल दिवा विझायचं नाव घ्यायचा नाही आणि आतून उंदीर लाकूड कुरतडावा तसा आवाज यायचा. मग पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पिवळा फुगा उगवायचा. त्यातल्या इंग्रजीचा मला लागलेला अर्थ असा, की व्हर्च्युअल मेमरी कमी पडली आहे, विंडोज पेजिंग फाइल वाढवत आहे, तोवर काही प्रोग्रॅमना मेमरी नाकारली जाईल.

मी डबा परत गोधडीत गुंडाळून नांदेडला एका दुकानात नेला. त्यांनी फॉरमॅट मारलं, साडेतीनशे रुपये घेतले आणि माझी वर्षभराची डिझाइनं पुसली गेली. दोन आठवड्यांत फुगा परत आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी डबा उघडलाही नाही. "नवं घ्या," म्हणाले. जुन्याचेच हप्ते संपले नव्हते.

अक्षय तृतीयेच्या एका लग्नाची पत्रिका दोन रात्री बसून केली होती. तिसऱ्या रात्री छपाईला देण्याआधी ‘सेव्ह’ दाबलं आणि प्रोग्रॅम फुग्यासकट नाहीसा झाला. एक दिवस सोडून सकाळी मुलीचे वडील प्रूफ बघायला येणार होते. दिवस उजाडल्यावर मी बाईंच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो.

बाई संध्याकाळची बॅच सोडून रात्री साडेआठला घरी आल्या. पत्र्याचा डबा पिशवीत होता, पण तो त्यांनी बाहेर काढला नाही. "उघडायच्या आधी बघू, त्यो काय काय धरून बसलाय," म्हणाल्या आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं.

टास्क मॅनेजर मी त्याआधी फक्त अडकलेला प्रोग्रॅम मारण्यासाठी उघडायचो. बाईंनी त्यातलं परफॉर्मन्सचं पान उघडलं आणि तळाच्या आकड्यांवर बोट ठेवलं. एका बाजूला खरी मेमरी: एकूण किती, शिल्लक किती. शिल्लक तीन एमबी. दुसऱ्या बाजूला ‘कमिट चार्ज’. "कमिट म्हंजे वायदा," बाई म्हणाल्या. "उघडलेल्या परत्येक प्रोग्रॅमला ह्येनं शब्द देऊन ठेवलाय, तुला इतकी जागा देतो म्हणून. त्या समद्या शब्दांची बेरीज ही. आन् ही लिमिट म्हंजे ह्याची पत. रॅम अधिक पेजिंग फाइल." वायदे पतीला टेकले होते. पतसंस्थेचा हप्ता भरणाऱ्या घरात याहून जास्त समजावून सांगायची गरज नव्हती.

पण पेजिंग फाइल म्हणजे काय, हे मला तरी कळेना. बाईंनी विचारलं, "तुमची माय ज्वारी कशात ठेवती?"

"कणगीत."

"आन् आज्याच्या काळात कणगीत मावत नव्हती तवा?"

याचं उत्तर चुलीपासून मायनं दिलं, "पेवात."

पेव आजच्या पोरांना ठाऊक नसतं. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत माणसापेक्षा खोल खड्डा खणायचा, तळाला आणि कडेनं कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. धान्य वर्षानुवर्षं राहायचं. बाई म्हणाल्या, रॅम ही कणगी, हार्ड डिस्क हे पेव. कणगी भरली की घरधनीण काय करते? जे धान्य इतक्यात लागणार नाही ते पेवात टाकते आणि कणगीत जागा करते. विंडोज तेच करतं. बराच वेळ न लागलेली मेमरीची पानं, म्हणजे ठरावीक मापाचे तुकडे, उचलून हार्ड डिस्कवरच्या एका फायलीत नेऊन ठेवतं आणि प्रोग्रॅमला मात्र सांगतं, तुझं सगळं घरातच आहे. प्रोग्रॅमला वाटतं कणगी केवढी मोठी! ही जी नसलेली मोठी कणगी, तीच व्हर्च्युअल मेमरी.

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

पुन्हा मायच बोलली, "पेव फोडायचं म्हंजे चार माणसं लागायची बाबा. वरली माती काढा, आतली वाफ जाऊ द्या, न्हाई तर उतरलेला माणूस वर येत न्हाई. मग कुणी तरी उतरणार, टोपली वर येणार. भाकरीपुरतं पीठ पाहिजे म्हणून रोज कोण पेव फोडतंय?"

बाई मायकडं बघून हसल्या. "ऐकलास का? तुझा डबा रोज न्हाई, घडीघडीला पेव फोडायलाय. तो दिवा त्याचाच."

त्या रात्री बाई आमच्या घरी अडीच तास होत्या. मधे एकदा वीज गेली. भारनियमनाचा तास होता, तेवढ्यात मायनं पिठलं-भाकरी वाढली. वीज आल्यावर बाईंनी जे केलं ते मला आजही क्रमानं आठवतं, कारण पुढं मी ते शेकडो यंत्रांवर केलं.

आधी सी ड्राइव्ह. चार जीबीच्या त्या ड्राइव्हवर ऐंशी एमबी जागा उरली होती. मी गाणी आणि फोटो डेस्कटॉपवर ठेवायचो. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे मला माहीत नव्हतं. पेजिंग फाइलही सीवरच. म्हणजे विंडोज पेव मोठं करायला जायचं आणि गावठाणात जागाच नसायची. गाणी डीवर हलवली, टेंपच्या फायली आणि रिसायकल बिन रिकामं केलं. दीड जीबी मोकळी झाली.

मग टास्क मॅनेजरमधली यादी. दोन-दोन अँटिव्हायरस चालू होते. एक नांदेडहून आलेलं, दुसरं मीच जास्तीच्या सावधपणानं टाकलेलं. दोघं मिळून अर्धी कणगी अडवून एकमेकांवर पहारा देत होते. एक काढलं. एका फुकट सीडीतून आलेला, पडद्यावर मासे फिरवणारा प्रोग्रॅम होता. बाईंनी त्याच्या आकड्यावर बोट ठेवून मला पाच मिनिटं नुसतं बघत बसायला लावलं. आकडा वाढतच होता. घेतलेली जागा तो परत करतच नव्हता. "उसनं नेतोय, आणून देत न्हाई. असला एक शेजारी घर बुडवतो," बाई म्हणाल्या. मासे गेले. मग ‘रन’मध्ये एमएसकॉन्फिग लिहून, यंत्र सुरू होताच आपणहून उठून बसणारे नऊ प्रोग्रॅम बंद केले.

शेवटी पेजिंग फाइल. माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, परफॉर्मन्स, पुन्हा अॅडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी. तिथं सुरुवातीचं माप आणि जास्तीत जास्त माप अशा दोन चौकटी असतात. एक्सपी स्वतः रॅमच्या दीडपट ते तिप्पट धरतं. बाईंनी दोन्हीकडं ३८४ लिहिलं. माप एकच असलं की फाइल दर वेळी ताणावी लागत नाही आणि तिचे तुकडे होत नाहीत. मी शहाणपणा केला, "डी ड्राइव्हवर ठेवली तर?" बाईंनी विचारलं, "डी काय वेगळी डिस्क हाय? एकाच रानात दोन बांध घातलेत. दुसऱ्या बांधाला पेव केलं तर तुझेच हेलपाटे वाढतील." वेगळी डिस्क असती तर गोष्ट वेगळी होती.

पत्रिका परत केली. पहाटे चारला संपली आणि या वेळी सेव्हही झाली. तरी फोटो उघडताना दिवा पेटतच होता; कमी, पण पेटत होता.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगायला गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि उठून खिडकीजवळच्या तिसऱ्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत दोन पट्ट्या होत्या. त्यातली एक दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या खिट्या दाबून उपसली, खोडरबर फिरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "पेवाला लिमिट हाय. कणगीच मोठी पाहिजे. सुट्ट्या लागल्यात, बॅच कमी हाय. लग्नसराई संपली की आणून दे."

लग्नसराई संपली. जूनमध्ये पट्टी घेऊन मी माडीवर गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे, सध्या भागतंय." मला ते खरं वाटलं. वयच तसं होतं.

त्या २४० एमबीवर मी दादांचं कर्ज फेडलं आणि नांदेडच्या बी.एस्सी.ची फी भरली. तिथं ऑपरेटिंग सिस्टिम शिकताना कळलं, की आमच्या पेवाला मोठी वंशावळ आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूनं अॅटलस नावाचा संगणक बांधला, तो १९६२ साली कामाला लागला. त्याची मुख्य मेमरी होती सोळा हजार शब्दांची आणि फिरत्या ड्रमवरचा साठा शहाण्णव हजारांचा. त्याआधी कुठला मजकूर कधी ड्रमवरून आणायचा हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागायचं. अॅटलसनं ते ओझं यंत्रावर टाकलं. दोन्ही साठे मिळून एकच आहेत असं लिहिणाऱ्याला वाटावं, अशी सोय केली. पुढं १९८५ साली इंटेलची ३८६ चिप आली आणि ही सोय टेबलावरच्या यंत्रात उतरली. तिच्या पानाचं माप ४०९६ अक्षरांचं. बाईंच्या क्लासच्या हिशेबानं, इंग्रजी चाळीसच्या वेगानं न थांबता वीस मिनिटं टाइप केलं की एक पान भरतं. माझ्या १२८ एमबीत अशी ३२,७६८ पानं.

पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाचं १९६८ सालचं काम शिकताना तर मला आमचं स्वयंपाकघरच दिसत होतं. डेनिंग म्हणतो, प्रत्येक कामाला कुठल्याही घडीला पानांचा एक ठरावीक संच हाताशी लागतो. तेवढा संच मेमरीत मावला तर काम सुरळीत चालतं. नाही मावला, तर यंत्र आत्ता बाहेर टाकलेलं पानच पुन्हा आणायला धावतं, ते ठेवायला दुसरं टाकतं, मग तेही लगेच लागतं. सगळा वेळ ने-आणीत जातो, काम होतच नाही. इंग्रजीत त्याला थ्रॅशिंग म्हणतात. माझ्या वहीत मी ‘हेलपाटे’ असं लिहिलं आणि परीक्षेतही तेच लिहिलं. हेलपाटा केवढ्याचा, तेही तिथंच कळलं. रॅमला लागणारा वेळ नॅनोसेकंदांत मोजतात, फिरत्या हार्ड डिस्कचा मिलिसेकंदांत. फरक लाखपटीच्या घरातला. कणगीतून ज्वारी काढायला एक सेकंद लागत असेल, तर पेवातून आणायला सव्वा दिवस.

हे सगळं बाईंना कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. त्यांच्याकडं तीन कॉम्प्युटर होते, पत्र्याचा डबा होता आणि बिघडलेल्या वस्तूपुढं हात जोडून बसायची सवय नव्हती.

२००९ साली नांदेडला छोटी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी ५१२ एमबीची नवी कोरी पट्टी घेतली आणि कंधारला आलो. चौपट परतफेड; वाटी शिगोशीग. बाईंनी वेष्टन फोडलं, पट्टी उजेडात धरली आणि हसायलाच लागल्या. "लेकरा, ह्येला एकच खाच हाय." तिसरा कॉम्प्युटर जुन्या एसडी-रॅमचा, त्या पट्टीला दोन खाचा. मी आणलेली डीडीआर, तिला एक. त्या खाचा मुद्दामच तशा ठेवलेल्या असतात, एकीच्या जागी दुसरी चुकून बसू नये म्हणून. "उसनं त्याच मापानं फेडावं लागतं," बाई म्हणाल्या आणि माझी महागाची पट्टी परत माझ्या खिशात ठेवली. तोवर माझंही यंत्र बदललं होतं. दोन खाचांची पट्टी घरी होती, ती पुढच्या खेपेला आणतो म्हणालो. पुढची खेप लांबत गेली. मग मशीनवरच्या टायपिंगचे दिवस सरले, शासनानं परीक्षाच कॉम्प्युटरवर नेली, माडीवरची टकटक थांबली आणि बाई मुलाकडं लातूरला गेल्या.

२०१६ सालच्या एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायला लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, मिळून पाच लाख लिटर. तीनशेहून जास्त किलोमीटरवरून गाडी येते, रिकामी होते, परत भरायला जाते. बाईंनी हालहवाल विचारायच्या आधीच सांगितलं, "आमचं पेव आता मिरजेला हाय बघ." मला हसू आलं आणि लगेच आवरलं. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासून नाव चालत आलेला जगत्तुंग सागर तलाव आहे, किल्ल्याभोवती खंदक आहे. आमचे पूर्वज कणगी मोठी ठेवून गेले. तरी आमच्याकडंही त्या उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा होत्याच. लांबून आणलेल्या पाण्यावर एक उन्हाळा निघतो. तेच कायमचं धरून चालायचं ठरवलं, की त्या गावाचा सगळा दिवस ने-आणीत जातो.

आता मी कंधारलाच असतो. माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज. २०२३ च्या जुलैत एक रुपयात पीकविमा भरायची मुदत संपत आली तेव्हा केंद्रात रात्री अकरापर्यंत गर्दी असायची. चार जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरच्या वीस-वीस खिडक्या उघड्या आणि मागं रांगेत चिखलाच्या पायांनी उभे शेतकरी. यंत्र अडलं की मदतीला ठेवलेली पोरं ते बंद करून चालू करायची. मी त्यांना आधी टास्क मॅनेजर उघडायला शिकवलं. आता पेजिंग फाइलचं माप हातानं सहसा ठरवावं लागत नाही, विंडोजवर सोडलेलंच बरं. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की हेलपाटा पुष्कळ जवळचा होतो. पण क्रम बाईंचाच: आधी सी ड्राइव्हवर जागा आहे का ते बघा, मग कोण किती धरून बसलंय ते बघा, न लागणारं बंद करा आणि तरीही दिवा विझत नसेल तर रॅम वाढवा.

त्याच गर्दीत एका रात्री वडिलांचा विमा भरायला एक बाई आल्या. तालुक्यातल्याच एका कार्यालयात लिपिक. मी पोरांना सांगत होतो, "ह्यो शेजारी उसनं नेतोय, आणून देत न्हाई." त्यांनी चमकून वर बघितलं. "तुम्ही टायपिंगच्या बाईंचे विद्यार्थी का?" त्याही होत्या, माझ्या पाठच्या दोन-तीन बॅचमधल्या. जुन्या गोष्टी निघाल्या. त्या म्हणाल्या, "खिडकीजवळचा तिसरा कॉम्प्युटर आठवतो का? आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. एवढा हळू, की कुणी बसायला तयार नसायचं. शेवटी बाईच त्याच्यावर बसायच्या आणि आम्हाला चांगले दोन द्यायच्या. आम्ही किती वेळा म्हणलो, बाई, ह्याला रॅम टाका. तर म्हणायच्या, टाकलेली हाय, जरा बाहेरगावी गेलीय."

मी त्यांची पावती छापली. एक रुपया घ्यायचा राहून गेला. तो मी नंतर गल्ल्यात टाकला.

त्या महिन्याच्या शेवटी पट्टी घेऊन लातूरला गेलो. बाई थकल्या होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, पण समोर बसल्यावर त्यांनी आधी माझी बोटं बघितली, मग तोंड. त्यांच्या मोबाइलला ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येत होती. मी समजावायला लागलो, की फोनमध्ये रॅम वेगळी असते आणि साठा वेगळा... "मला शिकवू नको," बाई म्हणाल्या. "साठा भरलाय. सुप्रभातचे फोटो हायेत, पुसून दे." चौदाशे फोटो निघाले. तेवढंच काय ते माझ्या हातून त्यांचं काम झालं.

मग मी पट्टी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. तिसऱ्या कॉम्प्युटरबद्दल कळलं असं म्हणालो. त्यांनी पट्टी चष्म्याजवळ नेली, दातांवरून अंगठा फिरवला. "घासून ठेवलीस, बरं केलंस," म्हणाल्या. नातवाला बोलावून दोन खाचा दाखवल्या आणि मेमरी कशात बसवतात ते सांगितलं. चहा झाला. निघताना त्यांनी ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली आणि परत माझ्या हातात दिली. "इथं कशात बसवू? तुझ्याकडं असू दे. कुणाला लागली तर दे."

पट्टी सध्या माझ्या केंद्रात, टेबलाच्या खणात, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. खोडरबरही तिथंच आहे. कुणाकडं अजून दोन खाचांचं चालू यंत्र असेल, तर कंधारला यावं.